पहिल्या वर्षाचा पितृपक्ष आणि नावांची वही

ऐरोलीत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वडील २ नोव्हेंबर २०२५ रोजी पहाटे पावणेतीनच्या सुमारास ठाण्यातील एका रुग्णालयात वारले. भाऊ जर्मनीत नोकरीला असतो. त्याने येऊन दिवस केले आणि तो परत गेला. आई आता ताईंकडे सतराव्या मजल्यावर राहते. मामांच्या मते वडिलांची तिथी दशमी, आत्यांच्या मते एकादशी, आणि शेजारी सांगतात की सरळ २ तारीख धरा. पितृपक्षात वडिलांसाठी काय करावे, मुलीने केले तर चालते का, भावाने तिकडे काय करावे आणि एवढ्या उंचीवर कावळा येत नाही त्याचे काय, आणि वडिलांची तसबीर कुठे लावावी, असे त्यांचे प्रश्न आहेत. शेवटी त्यांनी एक वाक्य लिहिले आहे, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: "आईला सारखे वाटते की आमच्याकडून काहीतरी चुकेल आणि बाबांना पोचणार नाही."

मी ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी, कळवा आणि खाडीपलीकडे ऐरोली ते नेरुळ या भागांत चौतीस वर्षे याज्ञिकी, म्हणजे पौरोहित्य, करतो. त्या अनुभवावरून आधी एवढेच सांगतो की ज्या गोष्टींची धास्ती घेऊन लोक माझ्याकडे येतात, म्हणजे कावळा, जागा, स्वयंपाकातले पदार्थ, त्या सर्व बसवता येतात आणि शास्त्राने त्यांना पर्यायही दिलेले आहेत. ज्यांची कोणी चौकशी करत नाही, म्हणजे तिथी आणि पूर्वजांची नावे, त्या मात्र एकदा हातून निसटल्या की परत मिळवणे कठीण जाते. म्हणून मी उत्तराचा मोठा भाग त्या दोन गोष्टींवरच खर्च करणार आहे.

तिथीचे आधी पाहू. श्राद्धासाठी मरणाच्या क्षणी चालू असलेली तिथी धरतात. सणवारांसाठी आपण बहुधा सूर्योदयाची तिथी पाहतो आणि दिनदर्शिकेच्या चौकोनात तीच छापलेली असते, त्यामुळे घोटाळा होतो. १ नोव्हेंबरला सूर्योदयाला दशमी होती, पण सकाळी नऊनंतर ती संपून एकादशी लागली आणि २ तारखेला सकाळी साडेसातच्या सुमारापर्यंत एकादशी होती. पंचांगाचा दिवस सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो, म्हणून पहाटे पावणेतीनची वेळ पंचांगाच्या हिशेबाने १ तारखेच्याच दिवसात येते. मामांनी त्या दिवसाच्या चौकोनातली दशमी धरली असावी. वडिलांची तिथी कार्तिक शुद्ध एकादशी आहे. आत्यांचे बरोबर आहे.

यासाठी लागणारा एकच कागद म्हणजे रुग्णालयाने मृत्यूची वेळ लिहून दिलेला दाखला. पुढे महापालिकेकडून मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर तारीख असते, पण वेळ असेलच असे नाही, त्यामुळे रुग्णालयाच्या कागदाची प्रत जपून ठेवावी. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. याज्ञिकीच्या सुरुवातीच्या काळात एका घरी मी नऊ वर्षे चुकीच्या तिथीला श्राद्ध केले, कारण मी फक्त तारीख विचारली होती आणि मृत्यू रात्री साडेअकराला झाला होता हे विचारलेच नव्हते. दहाव्या वर्षी कपाट आवरताना त्या घरच्या आजींना जुना कागद सापडला. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही, पण त्या दिवसापासून मी यजमानांना तारखेच्या आधी वेळ विचारतो.

आता वर्षाचा हिशेब. बारा चांद्रमासांचे वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असते, म्हणून पुण्यतिथी इंग्रजी तारखेने दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येते आणि मध्ये अधिक मास आला की पुढे सरकते. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ आहे. त्यामुळे तुमच्या वडिलांचे वर्ष बारा नव्हे, तर तेरा चांद्रमासांनी, सुमारे ३८४ दिवसांनी पुरे होईल. वर्षश्राद्ध कार्तिक शुद्ध एकादशीला, म्हणजे नोव्हेंबरच्या विसाव्या तारखेच्या आसपास येईल. शेजाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे २ नोव्हेंबर धरलीत तर त्या दिवशी अजून आश्विनच चालू असेल. तारखेने स्मरण करायला काहीच हरकत नाही; त्या दिवशी तसबिरीला हार घाला, कोणाला जेवू घाला. श्राद्ध मात्र तिथीलाच करावे.

याचाच दुसरा अर्थ असा की यंदाचा पितृपक्ष वर्षश्राद्धाच्या आधी येतो. भाद्रपद वद्य प्रतिपदेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत, म्हणजे २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर २०२६ हा तो काळ आहे. पितृपक्षात जे श्राद्ध करतात त्याला महालय म्हणतात. मृत्यूनंतरच्या पहिल्या वर्षात महालय केला तरी चालतो आणि न केला तरी दोष नाही, असे धर्मशास्त्रकार म्हणतात. महाराष्ट्रातील बहुतेक घरांत तो वर्षश्राद्ध झाल्यावरच सुरू करण्याची रूढी आहे. तेव्हा यंदा तुमच्या घरी महालय झाला नाही तर ते काही चुकले असे नाही, हे आईंना निःसंकोच सांगा. पितृपक्षात ज्या दिवशी भरणी नक्षत्र असते त्या दिवशी नुकत्याच वारलेल्या व्यक्तीसाठी भरणी श्राद्ध करतात आणि त्याला गयेच्या श्राद्धाची योग्यता मानतात. ते पहिल्याच वर्षी करावे की वर्ष झाल्यावर, यात मतभेद आहेत. मी अशा वेळी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारतो की तुमच्या आजोबांच्या वेळी काय केले होते, आणि जे उत्तर येईल ते मान्य करतो, कारण अशा बाबतीत कुळाची चाल हाच खरा निर्णय असतो.

पुढच्या वर्षापासून वडिलांचा महालय भाद्रपद वद्य एकादशीला येईल. पक्ष कोणताही असो, तिथीचा क्रमांक तेवढा घ्यायचा असतो. तिथी अपराह्णाची पाहतात. दिवसाचे पाच समान भाग केले की चौथा भाग अपराह्ण होतो. आपल्याकडे ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो साधारण दुपारी एक पस्तीसपासून चारच्या सुमारापर्यंत असतो. त्याआधीचा कुतुप मुहूर्त साधारण बारा ते पाऊण वाजेपर्यंत येतो, त्या वेळी संकल्प करून अपराह्णात पिंडदान व्हावे अशी जुनी पद्धत आहे. कचेरीला जायचे म्हणून सकाळी आठला श्राद्ध उरकून द्या, अशी विनंती मला दर पितृपक्षात होते आणि मी ती नाकारतो. एवढीच घाई असेल तर त्या दिवशी शिधा द्यावा आणि सवडीने अमावास्येला श्राद्ध करावे.

तिथी एकादशी असल्याने एक प्रश्न दरवर्षी उभा राहणार आहे, तो आताच सांगून ठेवतो. स्मार्त, म्हणजे स्मृतिग्रंथांना धरून चालणाऱ्या, पद्धतीत श्राद्ध एकादशीलाच होते. उपवास करणारा कर्ता श्राद्धातले अन्न खात नाही, फक्त त्याचा वास घेतो आणि तेवढ्याने पितृशेष, म्हणजे श्राद्धातले उरलेले अन्न, ग्रहण केल्यासारखे होते. वारकरी घरांत एकादशीला अन्न शिजवत नाहीत, तिथे श्राद्ध द्वादशीला करतात. तुमचे वडील पंढरीची एकादशी पाळत होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही. पाळत असतील तर द्वादशी धरा. स्वतः वडिलांनी आयुष्यभर पाळलेले व्रत त्यांच्या श्राद्धासाठी मोडावे, हे मला पटत नाही.

इतर तिथींचे नियम तुम्हाला आज लागू नाहीत, तरी घरात आणखी कोणाचे असेल म्हणून ओझरते सांगतो. सवाष्ण गेलेल्या स्त्रीचे अविधवा नवमीला, संन्याशाचे द्वादशीला, अपघाताने किंवा शस्त्राने गेलेल्याचे चतुर्दशीला आणि तिथी माहीत नसलेल्या सर्वांचे अमावास्येला करतात. आईच्या वडिलांचे श्राद्ध आश्विन शुद्ध प्रतिपदेला, घटस्थापनेच्या दिवशी, नातवाने करायचे असते.

आता नावांकडे येतो. महालयाचे वैशिष्ट्य असे की तो एकट्या वडिलांसाठी नसतो. त्यात वडील, आजोबा, पणजोबा ही त्रयी येते, त्यांना अनुक्रमे वसू, रुद्र आणि आदित्य यांच्या रूपांत पाहतात. आई, आजी, पणजी येतात. आईकडचे आजोबा, त्यांचे वडील, त्यांचे आजोबा सपत्नीक येतात. त्यानंतर चुलते, मामा, भाऊ, आत्या, मावशी, बहीण, लेक, सासरे, आणि शेवटी गुरू, शिष्य व आप्त यांच्यापर्यंत ही यादी जाते. निपुत्रिक गेलेला चुलता, लहानपणी गेलेली बहीण, ज्या मास्तरांनी शिकवले ते मास्तर, यांच्यासाठी वर्षातून एकदा कोणीतरी नाव घेऊन पाणी सोडावे, ही व्यवस्था आपल्या पूर्वजांनी किती विचाराने करून ठेवली आहे, हे मला प्रत्येक महालयात नव्याने जाणवते. पण ही व्यवस्था नावांवर उभी आहे. गुरुजी थांबतात, "पणजीचे नाव?" असे विचारतात, आणि खोलीत शांतता पसरते. ठाण्या-नवी मुंबईतल्या दहांतल्या सात-आठ घरांत माझा हाच अनुभव आहे. पणजोबांचे नाव कसेबसे निघते, कारण ते आजोबांच्या नावापुढे लागलेले असते. पणजीचे निघत नाही.

स्त्रियांची नावे हरवण्याचे एक कारण म्हणजे लग्नात नाव बदलण्याची चाल. माहेरचे एक, सासरचे दुसरे, आणि घरात सगळे वहिनी, काकू, माई अशीच हाक मारणार. संकल्पात सासरचे नाव घेतात आणि त्याला शेवटी 'दा' जोडतात, जसे लक्ष्मीदा, सावित्रीदा. पुरुषाच्या नावापुढे शर्मा वगैरे लावतात तसेच हे. पाचपाखाडीतील एका घरी असेच पणजीच्या नावाशी आम्ही अडलो होतो. यजमानांच्या पत्नी स्वयंपाकघरात गेल्या, माळ्यावरचा पितळी डबा उतरवून घेतला आणि त्याच्या कडेवर टिंबाटिंबांनी कोरलेले नाव त्यांनी चिंच लावून घासून वाचले. सासूबाईंच्या सासूबाईंना लग्नात मिळालेला तो डबा होता. यजमान सत्तरीचे होते. आपल्या पणजीचे नाव त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. तेव्हापासून मी प्रत्येक घरी सांगतो की मोडीत भांडी देण्याआधी त्यांवरची नावे उतरवून घ्या. जमिनीचे जुने सात-बारा आणि फेरफार, लग्नपत्रिका, कुलदैवताच्या देवळातील देणगीची पाटी यांतही नावे सापडतात. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या असतात. मूळ गाव आणि आडनाव सांगितले तर त्यांत तुमच्या आजोबा-पणजोबांनी तिथे येऊन लिहवलेली नावे मिळण्याचा चांगला संभव असतो. तुमच्या भावाने अस्थी नाशिकला रामकुंडात सोडल्या असतील तर त्याच्याही नावाची नोंद तिथे झालेली असेल.

सर्व शोधूनही नाव मिळाले नाही तर श्राद्ध अडत नाही. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात. नावे माहीत नसतील तर वडिलांना पृथिवीषत्, आजोबांना अंतरिक्षसत् आणि पणजोबांना दिविषत् म्हणायची सोय आहे. पृथ्वीवर, अंतराळात आणि द्युलोकात बसलेले असा त्यांचा अर्थ. ही सोय आहे हे चांगलेच आहे, पण आई जिवंत असताना आणि तिला सर्व नावे पाठ असताना या सोयीचा आधार घ्यावा लागू नये.

मुलीच्या अधिकाराविषयी. मुलगा असताना पहिला अधिकार त्याचा, हे परंपरेने ठरलेले आहे. पण मुलगा नसेल किंवा करू शकत नसेल तर कोणी करावे याच्या याद्या धर्मग्रंथांत आहेत, त्यांत पत्नी, मुलगी, मुलीचा मुलगा ही सर्व येतात. क्रमाविषयी मतभेद आहेत, मुलगी त्यात आहे याविषयी नाहीत. शिवाय प्रतिनिधी नेमून कर्म करण्याची मुभा आहेच. भावाने संमती द्यावी, संकल्पात त्याचा उल्लेख व्हावा, आणि तुम्ही बसावे. लग्नाने तुमचे गोत्र बदलले असले तरी वडिलांचा उच्चार त्यांच्याच गोत्राने होतो, त्यामुळे त्या बाजूनेही अडचण नाही. काही याज्ञिक स्त्रियांना पिंडदानाला बसवायला तयार होत नाहीत. त्यांच्याशी वाद घालू नका, दुसरे याज्ञिक पाहा. पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने स्त्रियांना पौरोहित्य शिकवण्याचे काम बऱ्याच वर्षांपासून केले आहे आणि तिथे शिकलेल्या स्त्रिया श्राद्धही सांगतात. आपल्या भागातही अशा पुरोहित मिळतात. मी स्वतः गेली पंधरा-सोळा वर्षे मुलींना बसवतो. पहिल्यांदा बसवले ती नेरुळची एकुलती एक मुलगी होती आणि वडिलांसाठी तिने पिंड वळले तेव्हा तिचे हात जसे थरथरत होते, तसे मी अनेक मुलांचे पाहिलेले नाहीत. अधिकाराविषयीची माझी शंका त्या दिवशी फिटली.

भावाने पडद्यावर तुमचे श्राद्ध पाहत बसण्यापेक्षा तिकडे स्वतः तर्पण करावे, हे मी आग्रहाने सांगतो. त्याला लागते काय? काळे तीळ, पाणी, एक ताम्हन किंवा कोणतेही स्वच्छ पात्र, आणि मिळाला तर दर्भ. दक्षिणेकडे तोंड करून, जानवे असेल तर ते उजव्या खांद्यावर घेऊन, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून, म्हणजे पितृतीर्थाने, प्रत्येकाचे नाव व गोत्र घेऊन तीन तीन वेळा पाणी सोडायचे. तिथी आणि अपराह्ण त्याने तो राहतो त्या गावचे पाहावेत. इकडच्या दुपारी एकला तिकडे सकाळ असते. तुम्ही इथे पान वाढावे, त्याने तिथे पाणी द्यावे, आणि दोघांच्याही हातात नावांची तीच यादी असावी.

कावळ्याचा प्रश्न लोकांना फार छळतो, म्हणून त्यातला एक गैरसमज आधी दूर करतो. पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहतात ती दहाव्या दिवशी. तिथेही कावळा आला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात आणि कर्म पुढे जाते. वार्षिक श्राद्धात किंवा महालयात कावळ्याला घास देतात तो गाय, कुत्रा, मुंगी यांना देतात तसाच एक बळी आहे. तो मृताच्या इच्छा-अनिच्छेची परीक्षा नाही. कावळा येईना म्हणून तीन-तीन वाजेपर्यंत मधुमेही आजी-आजोबा उपाशी ताटकळलेले मी पाहिले आहेत आणि दर वेळी मला तीव्र दुःख झाले आहे. सतराव्या मजल्याच्या खिडकीत पान ठेवू नका. तिथे कबुतरे येतात, खाली घाण होते आणि शेजाऱ्यांशी कटुता येते. सोसायटीला आधी सांगून गच्चीच्या कठड्यावर किंवा खाली झाडापाशी घास ठेवा, दहा-पंधरा मिनिटे थांबा, नमस्कार करून घरात या आणि जेवायला बसा. तासाभराने ती जागा स्वतः स्वच्छ करून घ्या. ऐरोलीला खाडीच्या बाजूला कावळ्यांची वाण नाही. सकाळी ते कोणत्या झाडावर बसतात ते आठवडाभर आधी पाहून ठेवले तर बहुधा निराशा होत नाही.

पिंडांचे काय करावे, हेही विचारले जाते. वाहत्या पाण्यातच सोडायला हवेत असे नाही. मनुस्मृतीत गाय, ब्राह्मण, बोकड, अग्नी आणि पाणी असे पर्याय दिले आहेत. गायीला घालणे हा मला सर्वांत चांगला मार्ग वाटतो. मासुंदा तलावात किंवा दुसऱ्या कोणत्याही तलावात पिंड, फुले आणि पिशव्या टाकणे मला अजिबात मान्य नाही. कोपिनेश्वराच्या समोरचे ते पाणी ठाणेकरांच्या कित्येक पिढ्यांनी पूज्य मानले आहे.

स्वयंपाकाविषयी फार लिहीत नाही, कारण ते प्रत्येक घरातल्या बायका माझ्यापेक्षा अधिक जाणतात. तांदळाची खीर, वडे, आमसुलाची चटणी, भेंडी, गवार, कारले, लाल भोपळा, अळू, कढी हे आपल्याकडे साधारण असते. कांदा, लसूण, मसूर वर्ज्य. गेलेल्या माणसाच्या आवडीचा एक पदार्थ पानात असावा, ही बहुतेक सर्व जातींच्या घरांत पाळली जाणारी चाल आहे. एवढा स्वयंपाक झेपत नसेल तर कोरडा शिधा देऊन आमश्राद्ध होते, दक्षिणा देऊन हिरण्यश्राद्ध होते, पिंडांशिवाय संकल्प करून भोजन घातले तर सांकल्पिक श्राद्ध होते आणि ब्राह्मण मिळाला नाही तर त्याच्या जागी दर्भाचे चट, म्हणजे दर्भाची प्रतीके, मांडून चटश्राद्ध होते. हे पर्याय कमी प्रतीचे आहेत असे समजून कोणी मनाला लावून घेऊ नये. तुमची आई साठीच्या पुढची असेल तर तिने त्या दिवशी ओट्यापाशी चार तास उभे राहणे शास्त्रालाही अभिप्रेत नाही.

तुमचे सासर जळगावकडचे आहे असे तुम्ही लिहिले आहे. खानदेशात अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, घागर भरून पितरांना पाण्याचे दान देतात, आणि तिथल्या घरांत पितरांचा तो दिवस पितृपक्षाइतकाच मोठा असतो. सासरच्या त्या घागरीपुढे तुमच्या वडिलांसाठी वेगळा लहान कुंभ ठेवला तर त्यात काही गैर नाही. सासूबाईंना आधी विचारा, त्या बहुधा आनंदाने हो म्हणतील. एकाच घरात दोन कुळांच्या चाली नांदू शकतात. तुमच्या जवळच घणसोली, दिवाळे, सारसोळे अशी जुनी गावठाणे आहेत. तिथल्या आगरी-कोळी घरांत पुण्यस्मरणाला कीर्तन ठेवतात, सगळा गाव जेवतो आणि गेलेल्याचे नाव हरिपाठाच्या गजरात घेतले जाते. मंत्रोक्त श्राद्ध ज्यांच्या घरात नाही त्यांचे पितर उपाशी राहतात असे मला कोणी म्हणालेले चालत नाही. मी त्या मंडपांत जेवलेलो आहे.

तसबिरीविषयीही तुम्ही विचारले आहे. देवघरात मृतांची तसबीर ठेवू नये अशी रूढी आहे, ती पाळावी. बैठकीच्या खोलीत दक्षिणेकडच्या भिंतीवर लावावी. काही घरांत देवांच्या टाकांबरोबर पूर्वजांचे, वीराचे चांदीचे टाकही पूजेत असतात. तो प्रकार वेगळा आहे आणि कुळाचार असेल तरच करावा, नव्याने सुरू करू नये.

आईंच्या काळजीला मी शेवटचे ठेवले, कारण आधीचे सगळे वाचूनही ती जाईलच असे नाही. विष्णुपुराणात एक श्लोक आहे. ज्याच्याजवळ श्राद्धाला काहीच नाही, धन नाही, धान्य नाही, त्याने अरण्यात जाऊन दोन्ही हात वर करावेत आणि म्हणावे की माझ्याजवळ वित्त नाही, श्राद्धाला उपयोगी असे दुसरे काहीही नाही, मी माझ्या पितरांना नमस्कार करतो, माझ्या भक्तीने ते तृप्त होवोत, हे माझे दोन हात मी वाऱ्याच्या मार्गात वर केले आहेत. एवढ्यानेही ऋण फिटते, असे पुराण सांगते. ज्या परंपरेने रिकाम्या हातांचीही सोय करून ठेवली, ती परंपरा चटणी राहून गेली म्हणून तुमच्या वडिलांना विन्मुख पाठवणार नाही. हा श्लोक मी अनेक विधवा माउलींना अर्थासह वाचून दाखवला आहे. तुमच्या आईंनाही दाखवा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले तर येऊ द्या.

आणि भरणीच्या आधीच्या एखाद्या दुपारी आईंजवळ एक कोरी वही घेऊन बसा. पहिल्या पानावर वडिलांचे नाव, गोत्र, तिथी, मृत्यूची वेळ आणि गाव लिहा. मग त्यांच्या आई-वडिलांचे, आजोबा-आजीचे विचारा. प्रत्येक स्त्रीचे माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे लिहून घ्या, कोण कोणत्या महिन्यात गेले तेही विचारा. त्यांना आठवेल तसे त्या सांगतील, क्रमाने सांगणार नाहीत. एखादीच्या हातच्या पुरणपोळीची किंवा एखाद्याच्या रागीट स्वभावाची गोष्ट मध्येच येईल, तीही त्या नावासमोर लिहा. दुसऱ्या बाजूने वही उलटी करून आईंच्या माहेरची नावे घ्या, ती फक्त त्यांनाच ठाऊक असणार. लिहून झाले की पानांची छायाचित्रे भावाला पाठवा. वर्षश्राद्धाला जे कोणी गुरुजी येतील त्यांच्यासमोर संकल्पाच्या वेळी ही वही उघडून ठेवा आणि नावे आईंना वाचायला सांगा.